चौदा मिनिटं तुझी, सत्तावीस माझी

नाही म्हणजे नाही. ते तीन शब्द मला पटत नाहीत, कधीच पटणार नाहीत. "एक अपवाद वगळता." ताईने मानपत्राचा मसुदा मला फोनवर वाचून दाखवला. "चौतीस वर्षांच्या सेवेत, एक अपवाद वगळता, ज्यांनी प्रक्षेपणात कधी खंड पडू दिला नाही..." मी म्हटलं, थांब, मागे जा, परत वाच. तिने परत वाचलं. शब्द तिथेच होते, पांढऱ्या सदऱ्यावर शाई सांडावी तसे. अहो, हे मानपत्र आहे की पंचनामा?

असो. इथे ताईने नक्की डोळे वटारले असणार. ती म्हणालीच होती, "भाषणाची सुरुवात भांडणाने करू नकोस, बरं दिसत नाही." तेव्हा आता रीतीने सुरुवात करतो.

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या केंद्राचे प्रमुख साहेब. व्यासपीठावर विराजमान झालेल्या सकाळच्या निवेदिका बाई, ज्यांच्या आवाजावर अर्ध्या शहराची घड्याळं लागतात. सत्कारमूर्ती, म्हणजे माझे मामा. पहिल्या रांगेत बसलेली माझी मामी. आणि सभागृहातील समस्त श्रोतेहो! तुम्ही रेडिओवाले जन्मभर दुसऱ्यांना श्रोतेहो म्हणत आलात. आज पाळी तुमची आहे. बसा निमूट.

मी सत्कारमूर्तींचा भाचा. तुमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर टॉवरवर चढण्याचं काम करतो. रजा मागितली तर मुकादम म्हणाला, "मामा रिटायरच होतोय ना? मेला तर नाही?" अशा माणसाशी काय वाद घालायचा? माझं शिक्षण नववीपर्यंत. नववीत दोनदा बसलो म्हणून थोडं जास्त वाटतं, एवढंच. भाषण मी लिहून पाठवलं आहे आणि ताई, म्हणजे मामांची मुलगी, ते वाचते आहे. शुद्धलेखन तिचं, बाकी चुका माझ्या. एक ओळ गाळायची नाही अशी तिला शपथ घातली आहे. ताई, ही ओळसुद्धा.

आणखी एक. तुम्ही हसलात, टाळ्या वाजवल्यात, की कंटाळून बाहेर गेलात, मला इथे काही कळायचं नाही. हे बोलणं एकाच बाजूने जाणारं आहे. पण त्याची तुम्हाला सवय आहे. स्टुडिओतून टेकडीकडे आवाज गेला तो असाच गेला. टेकडीकडून त्या वाटेने कधी काही परत आलं नाही.

सभागृहात घरची माणसं आहेत, मामीच्या मैत्रिणी असतील. त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण आमच्या नात्यात पुष्कळांना अजून वाटतं की मामा रेडिओवर गाणी लावतात. मामा चौतीस वर्षांत रेडिओवर एक अक्षर बोलले नाहीत. बाई बोलतात त्या बाजारपेठेतल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथून तो आवाज थेट तुमच्या घरी येत नाही. आधी तो अकरा किलोमीटरवरच्या टेकडीवर जातो, तिथलं मशीन त्याला बळ देतं, आणि मग टॉवरवरून तो चहूकडे फेकला जातो. मामा म्हणायचे, "स्टुडिओ म्हणजे स्वयंपाकघर. आपण वाढपी. जेवण कितीही चांगलं झालं तरी ताटात पडलं नाही तर उपाशीच." नाव आचाऱ्याचं होतं. वाढप्याकडे लोक बघतात कधी? सांडलं तर.

मामा नोकरीला लागले तेव्हा आवाज टेलिफोनच्या तारेने जायचा. भाड्याने घेतलेली तांब्याची तार, खांबाखांबावरून वर गेलेली. वारा सुटला की खरखर. कधी शेजारच्या तारेतलं बोलणं तिच्यात झिरपायचं. एकदा म्हणे बातम्यांच्या मागे कुणीतरी आपल्या बायकोला "निघालो, वाटेतच आहे" असं तीनदा सांगत होता. मग डिश आल्या. एक स्टुडिओच्या गच्चीवर, एक टेकडीवर, एकमेकींकडे तोंड करून. मध्ये काही येता कामा नये, झाड नाही की इमारत नाही. आणि आता जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आली आहे. आवाज इंटरनेटवरून जातो आणि टेकडीवरच्या मशीनला ताप आला तर साहेबांना टेबलावर बसून कळतं. चांगलं आहे. मी त्याच कामाचा पगार घेतो, वाईट कसं म्हणू? पण म्हणूनच मामांच्या जागी आता कुणी यायचं नाही. आज संध्याकाळी टेकडीवरच्या खोलीला कुलूप लागलं की लागलं.

बाई, तुम्हाला ते सकाळचं आठवतं ना? पहाटे साडेपाचला स्टुडिओतून आधी एक लांब शिट्टी यायची, मिनिटभर, एकाच सुरात. वाट मोकळी आहे का बघायला. मग तुमचा झोपेतला आवाज, "टेकडी, येतंय का?" आता उत्तर कसं द्यायचं? लाइन एकतर्फी. म्हणून मामा टॉवरचा तांबडा दिवा दोनदा घालवायचे आणि लावायचे. तुमच्या गच्चीवरचा रखवालदार ते बघून जिन्यातून खाली ओरडायचा, "आलं हो, आलं!" ही पद्धत कुठल्या नियमपुस्तकात नाही. टेकडीवर चांगला फोन आला तरी मामांनी ती सोडली नाही. म्हणायचे, "फोनवर हो काय, कुणीही म्हणतं."

आता त्या तीन शब्दांकडे येतो.

टेकडीवरच्या खोलीत, मशीनच्या उजवीकडे, एक स्पीकर आहे आणि त्याच्याखाली एक काळा स्विच. दोन बाजू. एकीकडे मामांनी रंगाने लिहिलंय "लाइन", दुसरीकडे "हवा". लाइनवर ठेवला की स्टुडिओतून जे आलं ते ऐकू येतं. हवेवर ठेवला की आपल्याच टॉवरवरून जे बाहेर गेलं ते एक साधा रेडिओ पकडतो आणि ऐकवतो. लाइनचा आवाज गोड, स्वच्छ. हवेचा थोडा खरखरीत. मामांचा नियम एकच होता, कान कायम हवेवर. मला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "तुझ्यापर्यंत आलं म्हणजे लोकांपर्यंत गेलं असं नसतं. हे विसरलास तर टेकडीवर येऊ नकोस."

शाळा सुटली तेव्हा आई मला मामांकडे सोडून गेली होती. "याचं काहीतरी करा," एवढंच म्हणाली. मामा मला रोज टेकडीवर न्यायचे. कागदावर मी कुणीच नव्हतो. पण सोल्डर करायला, टॉवरवर चढायला, जनरेटर सुरू करायला तिथेच शिकलो. मी एका जागी धड टिकत नसे. मामा म्हणायचे, "याच्या पायाला भिंगरी आहे, याला उंचावरचं काम द्या, निदान कुठे गेलाय ते खालून दिसेल."

मी एकोणीस वर्षांचा होतो. मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या दुपारी पट्टी सुटायची होती. मामी म्हणाली होती, "पट्टी सुटली की पहिलं तुम्हाला बघणार, नाहीतर उघडणारच नाही डोळा." मामांनी दोन तासांसाठी टेकडी माझ्यावर सोपवली. नियमाने ते चुकीचं होतं. तेही सांगून टाकतो.

ते गेले आणि मी स्विच लाइनवर टाकला. का? गोड ऐकू येतं म्हणून. दुसरं काही कारण नाही. फर्माइशीची गाणी चालली होती, मी मशीनकडे पाठ करून खिडकीत पाय सोडून बसलो. मागे मशीन बंद पडलं. पंखे चालूच होते, त्यामुळे खोलीतला आवाज तोच. फक्त एक तांबडा दिवा लागला, माझ्या पाठीमागे. मी मान डोलवत बसलो. स्टुडिओतही कुणाला पत्ता नाही, तेही आपल्याच टेबलावरचं ऐकत होते. म्हणजे बाई बोलत होत्या, मी ऐकत होतो, आणि सगळ्या मुलखात आम्ही दोघंच.

तिकडे डोळ्यांच्या दवाखान्यात कंपाउंडरच्या कपाटावर रेडिओ होता. त्यातून नुसतीच सूं ऐकू यायला लागली. कंपाउंडरने त्याला दोन चापट्या मारल्या. सगळ्यांना वाटलं रेडिओ बिघडला. रेडिओ ठीक आहे हे एकट्या मामांना कळलं. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"काय चाललंय?"

"एकदम झकास, मामा. फर्माइशी चालू आहेत."

"ऐकतोयस?"

"मग! आत्ताच बाईंनी कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचं वाचलं."

"कुठून ऐकतोयस?"

"कुठून म्हणजे? स्पीकरवरून."

"स्विच कुठे आहे?"

मी बघितलं. लाइनवर होता.

"तांबडा दिवा?"

"लागलाय. मामा, बटण दाबू का? मला येतं."

"हात लावू नकोस. आत काय झालंय ते बघितल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही. खुर्चीवर बस. दोन्ही हात मांडीवर ठेव. मी येतो."

आणि मी तसाच बसलो, हात मांडीवर ठेवून, पहिलीतल्या पोरासारखा. लाज एवढी वाटली की स्पीकर बंद करायचंही सुचेना. बाई मजेत गाणी लावत होत्या.

मामा भाजीच्या टेम्पोत बसून आले. आधी लांब दांडी लावून मशीनमधली वीज उतरवली, मग दार उघडलं. आत पाल जळून चिकटली होती. ती काढली, पुसून घेतलं, दार लावलं, बटण दाबलं. मग स्विच हवेवर टाकला. खरखर आली, तिच्यात गाणं आलं. मग मला पहिलं वाक्य काय बोलले असतील? "जेवलास का?"

मामीची पट्टी तोवर सुटली होती. तिला पहिली दिसली ती नर्स. मामी हे हसून सांगते, "नर्स छान होती हो, गोरीपान." मामी, तू हसतेस, पण त्यानंतर ही गोष्ट मामांनी कधी कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही.

तर साहेब, मानपत्रासाठी तुम्ही टेकडीच्या नोंदवहीतली जी ओळ वाचलीत ती मामांनी त्या संध्याकाळी लिहिली. "प्रक्षेपण बंद, एकेचाळीस मिनिटे. ड्यूटीवरील तंत्रज्ञ जागेवर नव्हता. जबाबदार: मी." खाली सही. मी म्हटलं, माझं नाव लिहा.

"तुझं कसं लिहू? कागदावर तू या खोलीत नाहीसच."

"पण चूक माझी आहे!"

"किती मिनिटं?"

"एकेचाळीस."

"खोटं. मी फोन केला तेव्हा चौदा झाली होती. तेव्हा तुला बटण दाबू दिलं असतं तर पंधराव्या मिनिटाला स्टेशन चालू. मी दाबू दिलं नाही. चौदा मिनिटं तुझी, सत्तावीस माझी. जास्त कुणाची?"

"हा कुठला हिशेब?"

"नववी नापासाला कळेल असा."

मंडळी, मी चिडखोर माणूस. पुढच्या महिन्यात बढतीची यादी लागली. मामा मुख्य तंत्रज्ञ होणार, खाली स्टुडिओत येणार, टेकडीची पायपीट संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामीने तर खाली घरसुद्धा बघून ठेवलं होतं, खिडकीतून बाजार दिसणारं. यादीत मामांचं नाव नव्हतं. त्या ओळीमुळे नव्हतं. मी परत भांडलो. म्हटलं, अजून वेळ आहे, साहेबांना खरं सांगा. मामा म्हणाले, "खरं सांगितलं तर तुला या धंद्यात कुणी उभं करणार नाही. गप्प बस." आणि मी त्यांना म्हणालो, "तुम्हाला नुसता मोठेपणा मिरवायचाय."

त्याला सात वर्षं झाली. त्याच आठवड्यात मी पिशवी भरली आणि निघालो. मामा स्टँडवर आले नव्हते. ड्यूटीवर होते.

दर रविवारी मी फोन करतो. मामाच उचलतात. "बरा आहेस ना? मामीला देतो." बस. सात वर्षांत किती रविवार झाले ते तुम्ही मोजा, मला भागाकार-गुणाकार जमत नाही. पण वाक्य तेवढंच. रागाने म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. मी काय बोलेन याची त्यांना भीती वाटते. मी तोच विषय काढेन म्हणून. आणि खरंच, काढला असता.

इथलं काम चांगलं आहे. दोन डिश एकमेकींसमोर आणायच्या असतात, एका टॉवरवर मी, दुसऱ्यावर जोडीदार, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. फोनवर बोलत बोलत केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. बराच वेळ काहीच नसतं. आणि मग एकदम मीटरचा काटा उडी मारतो, सापडलं! जोडीदार ओरडतो. मीही ओरडतो. पण ओरडून झालं की मला कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि ज्यांना सांगायचं ते म्हणतात, मामीला देतो.

जेवायच्या सुट्टीत मी मोबाइलवर आपलं स्टेशन लावतो. बाई, तुमचा आवाज इथेही येतो, अगदी स्वच्छ. सोबतचे विचारतात, कोण आहे? मी म्हणतो, घरचं आहे. पण मामा, ते मोबाइलवर येतं ना, ते स्टुडिओतून सरळ येतं. टेकडीवरून जातच नाही. म्हणजे सात वर्षं मी परत "लाइन"वरच बसलो आहे. गोड येतं, खरखर नाही. मला ती खरखर पाहिजे आहे. त्या खरखरीत मागे पंखे असायचे, तुमची खुर्ची कुरकुरायची, तुम्ही डाव्या हाताने वही धरून लिहायचात. इथे यातलं काही येत नाही.

अध्यक्षमहाराज, आता माझी मागणी. मानपत्र फ्रेममध्ये गेलेलं असेल, हरकत नाही, फ्रेमचे खिळे निघतात. ते तीन शब्द काढा. आणि काढता येत नसतील तर पूर्ण लिहा, "एक अपवाद, त्यातली पहिली चौदा मिनिटे भाच्याची." हे मी सगळ्या सभागृहासमोर, माझ्या नावावर कबूल करतो आहे. मामांना माझ्या नोकरीची काळजी असेल तर ती सोडावी. मी मुकादमाला परवाच सगळं सांगून टाकलं. त्याने विचारलं, "आता स्विच बघतोस ना?" मी म्हटलं, रोज. म्हणाला, "मग चढ वर." एवढंच झालं. सात वर्षं आपण दोघं ज्याला भीत होतो ते एवढंच होतं, मामा.

उरलेली सत्तावीस मिनिटं तुम्हाला ठेवून घ्यायची असतील तर घ्या. मी आता भांडत नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं, हात मांडीवर ठेव असं तुम्ही का म्हणालात. आता माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत. मशीन बंद पडलं की मीही त्यांना तेच म्हणतो. स्टेशन गेलं तरी चालेल, हात लावू नका.

समारोप करतो. साहेबांनी एका परक्या माणसाचं बोलणं समारंभात वाचू दिलं, त्यांचे उपकार. बाईंनी इतकी वर्षं रोज पहाटे टेकडीला हाक मारली, त्यांचे उपकार. रखवालदारदादा कुठे असतील तर त्यांना सांगा, त्यांची "आलं हो, आलं" ही हाक अजून कानात आहे. मामी, तुझी ती पहिली नजर मी घालवली. त्याला काय म्हणायचं ते मला लिहिता येत नाही, ताईलाही सुचलं नाही. ताई, घसा कोरडा पडला असेल, पाणी पी. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, व्यासपीठाचा मान राहिला नसेल, तर नववी दोनदा नापास समजून पोटात घाला. मामांची मात्र माफी मागत नाही. मागितली तर ते मिनिटं मोजायला बसतील.

मामा, उद्यापासून तुमची ड्यूटी नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा पहाटे साडेपाचला तुम्हाला कुणी हाक मारणार नाही. तर इकडे या. मामीलाही आणा. माझ्या खोलीच्या खिडकीतून एक टॉवर दिसतो, मी उभा केलेला. संध्याकाळी त्याचा दिवा लागतो, तांबडा. बाजारातून एक साधा रेडिओ आणून ठेवतो, इथलं जे स्टेशन लागेल ते खरखरीसकट ऐकत बसू. गाडीची चौकशी केली आहे, इकडे यायचं भाडं भाषणासोबत ताईकडे पाठवलं आहे. परतीचं भाडं मी इथे आल्यावर देणार, कारण आत्ता दिलं तर तुम्ही येऊन दुसऱ्या दिवशी निघाल. फोनवर हो म्हणू नका, हो काय, कुणीही म्हणतं. पैसे ठेवून घेतलेत की मला कळेल, आलं म्हणून.

दोघांचं, एका बाजूचं, झोपायच्या जागेसकट: तीन हजार दोनशे चाळीस.